खाली उतरण्याची विद्या

मे महिन्यात आमच्याकडच्या विहिरी तळाला जातात. चंद्रपुरात पारा सेहेचाळीसच्या पुढे गेलेला असतो आणि गावोगावी गाळ काढायची हीच वेळ असते. सकाळी उन्हं चढायच्या आत चार-पाच गडी जमतात. एक जण काठावरच्या कडुनिंबाला दोर बांधतो, पाय रोवून दोनदा जोरात ओढून बघतो. दुसऱ्या दोराला घमेलं अडकवलं जातं. कुणीतरी धोतर खोचून उतरायला पुढे सरसावतो, तेवढ्यात ओसरीवरून एखादी म्हातारी ओरडते, "कंदील सोडला काय रे आधी?" मग पेटता कंदील सावकाश खाली जातो आणि सगळे वाकून बघतात. ज्योत तळापर्यंत तेवत राहिली तर माणूस उतरतो. विझली, तर लिंबाच्या मोठ्या डहाळ्या दोराला बांधून तासभर वरखाली करतात, बादल्यांनी पाणी ओततात, आतली हवा हलवतात आणि पुन्हा कंदील सोडतात.

जगभर शेकडो मीटर खोल उभ्या गुहांमध्ये दोरानं उतरणारी मंडळी आहेत. त्यांच्याकडे महागडी अवजारं असतात, अंगभर पट्टे असतात, डोक्यावर दिवे असतात. पण उतरण्याआधी ती जे तपासतात, तेच आपल्या विहिरीच्या काठावर तपासलं जातं, निदान जायला हवं. आधार किती भक्कम आहे, खाली हवा कशी आहे, वर कोण थांबणार आहे. ही विद्या आपल्याला परकी नाही. ती अर्धवट राहिली आहे आणि त्या अर्धवटपणापायी माणसं जातात, म्हणून हा लेख.

आधी गुहांबद्दल. उभी गुहा होते कशी? पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि अगदी सौम्य आम्ल बनतं. ते चुनखडकाच्या भेगेत शिरलं की खडक कणाकणानं विरघळतो. भेग आडवी असेल तर भुयार तयार होतं. उभी असेल तर पाणी सरळ खाली पडत राहतं आणि हजारो-लाखो वर्षांत तिथे विहिरीसारखा खड्डा कोरला जातो. कधी आतल्या पोकळीचं छत कोसळतं आणि रानात चालता चालता पायाखाली अचानक तोंड उघडलेली खाई दिसते. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, असा विरघळत नाही. म्हणून महाराष्ट्रात गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळसारखी माणसानं छिन्नीनं कोरलेली लेणी डोळ्यांपुढे येतात. भद्रावतीची विजासनची बौद्ध लेणीही कोरलेलीच.

चुनखडक मात्र आपल्याकडे भरपूर आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला राजुरा, कोरपना, जिवती या तालुक्यांत पैनगंगेच्या खोऱ्यातला जुना चुनखडक पसरलेला आहे. जमिनीवर डायनासोर तर सोडाच, साधा मासाही जन्मला नव्हता तेव्हाच्या समुद्राच्या तळाशी साचलेला हा दगड. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथले सिमेंटचे कारखाने त्याच्यावरच उभे आहेत. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात चुनखडक म्हटला की गुहा आठवत नाही, सिमेंट आठवतं.

गुहा पाहायची तर इंद्रावती ओलांडावी लागते. गडचिरोलीची पूर्व सीमा आखणाऱ्या या नदीपलीकडे बस्तरमध्ये, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात कोटुमसरची गुहा आहे. तिचं तोंड म्हणजे खडकातली एक अरुंद, उभी चीर. आता तिथे पायऱ्या आणि कठडे आहेत. 1950च्या दशकात शंकर तिवारी यांनी या गुहेचा शास्त्रीय शोध घेतला तेव्हा तिथे यातलं काहीच नव्हतं. आत वर्षभर तापमान 28 अंशांच्या आसपास असतं, बाहेर उन्हाळा असो की थंडी. पुरेशा खोल गुहेत ऋतू पोहोचत नाहीत, त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी इतकंच तिथलं तापमान राहतं. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागतं, त्यामागचं कारणही हेच.

कोटुमसरच्या काळोख्या डबक्यांत एक छोटी मासोळी राहते. शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी. डोळे बारीक, काहींचे जवळपास नाहीसे झालेले, अंगावरचा रंग उडालेला. याच जातीच्या, उजेडात राहणाऱ्या आणि नीट डोळे असणाऱ्या मासोळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यानं 1872 साली केलं, ते पुण्याच्या पाण्यातल्या नमुन्यावरून. म्हणजे पुण्याच्या ओढ्यात पोहणारी आणि बस्तरच्या अंधारात चाचपडणारी मासोळी शास्त्राच्या दप्तरी एकाच नावाखाली नोंदलेली. उजेड नसेल तर डोळे सांभाळायचा खर्च शरीर करत नाही, याचा इतका जवळचा पुरावा आपल्याला दुसरा मिळणार नाही.

गोंड समाजाच्या मनात गुहेला वेगळंच स्थान आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला चंद्रपूर-गडचिरोलीतूनही लोक तिथे जातात. प्रचलित कथेनुसार या गुहेत तेहतीस मुलं कोंडली गेली होती. गोंडांचा धर्मगुरू मानल्या जाणाऱ्या पारी कुपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर यानं बाहेरून वाद्य वाजवलं, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी तोंडावरचा धोंडा ढकलला. मुलं सुटली, पण त्या धोंड्याखाली हिरासुका दगावला. आमच्या मुलखातली गुहेची सगळ्यांत जुनी गोष्ट ही सुटकेची गोष्ट आहे आणि तिच्यात सोडवणाराच जीव गमावतो. पुढे विहिरीबद्दल लिहिणार आहे, तिथे ही गोष्ट पुन्हा आठवेल.

आता दोराकडे येऊ. 1889 साली फ्रान्समध्ये एदुआर मार्तेल हा पेशानं वकील असलेला माणूस पादिराकच्या सुमारे पाऊणशे मीटर खोल खाईत उतरला आणि गुहाशोधनाला शास्त्राचं रूप येऊ लागलं. त्या काळी दोराच्या शिड्या वापरत. शिडी लांब असली की वजन वाढतं, ती भिजते, पीळ घेते. म्हणून पुढे खोल खायांसाठी पोलादी तार आणि ती गुंडाळणारं चाक, म्हणजे विंच, आलं. 1952च्या ऑगस्टमध्ये पिरेनीज पर्वतातल्या पिएर-सें-मार्तें या खाईत मार्सेल लुबां हा नामांकित गुहाशोधक अशाच तारेनं उतरला. ती उभी खाई 300 मीटरांहून खोल. परत वर येताना त्याच्या पट्ट्याला तार जोडणारा चिमटा निसटला आणि तो खाली आदळला. डॉक्टर खाली पोहोचले, पण त्याचा जीव वाचला नाही. मृतदेह वर काढायला 1954 साल उजाडावं लागलं.

तार तुटली नव्हती, विंच बिघडलं नव्हतं. एक छोटी जोडणी सुटली आणि तिच्या जागी धरायला दुसरं काही नव्हतं. आज उभ्या गुहेत उतरणारा कुणीही एका आधारावर लटकत नाही. खडकात दोन स्वतंत्र बोल्ट किंवा दोन स्वतंत्र झाडं, दोन्हींत वजन वाटून घेणारी गाठ, आणि एक निखळला तरी दुसऱ्यानं झटका न बसता भार पेलावा अशी बांधणी. सह्याद्रीत रॅपलिंग करणाऱ्यांना हे पाठ असतं. विहिरीच्या काठावर मात्र अजूनही एक झाड, एक गाठ आणि एक विश्वास असतो.

दोरही साधा चालत नाही. गुहेचा दोर नायलॉनचा असतो. आत भार पेलणाऱ्या सरळ धाग्यांचा गाभा आणि वर त्याला जपणारं विणलेलं कवच. कडा चढणाऱ्यांचा दोर मुद्दाम ताणला जाणारा असतो, कारण चढणारा पडला तर झटका दोरानं गिळावा लागतो. खाली उतरणाऱ्याचा दोर फारसा ताणला जाऊ नये, नाहीतर शंभर मीटरवर लटकलेला माणूस रबराला बांधल्यासारखा वरखाली होतो आणि प्रत्येक हेलकाव्याला दोर कड्यावर घासतो. दहा-अकरा मिलिमीटर जाडीचा असा दोर दोन हजार किलोंहून अधिक भार सोसतो. गाठ मारली की त्यातली पाव ते एक तृतीयांश ताकद जाते, तरी पुष्कळ उरते. त्याचा खरा वैरी वजन नव्हे, धार. ताणलेल्या दोराला दगडाची तीक्ष्ण कड लागली, तर तो चाकूनं कापावा तसा तुटतो. म्हणून जिथे दोर खडकाला टेकतो तिथे जाड कापड घालतात, किंवा थोडं खाली दुसरा बोल्ट मारून दोर भिंतीपासून दूर नेतात.

काठावरचा क्षण कसा असतो ते सांगतो. खाईकडे पाठ करून उभं राहायचं. कमरेच्या पट्ट्याला डिसेंडर अडकवलेला असतो, म्हणजे दोराला वळसे देऊन घर्षणानं वेग आवरणारं धातूचं साधन. आधी सगळं वजन त्याच्यावर टाकून बघायचं, पण तेव्हा दुसऱ्या छोट्या दोरानं अजून काठालाच बांधलेलं असायचं. डिसेंडर धरतोय याची खात्री झाली की मगच काठाचा तो छोटा दोर सोडायचा. मग गुडघे ताठ, ढुंगण मागे, टाचा काठावर, आणि हळूहळू मागे कलायचं. शरीर ओरडून सांगत असतं की भिंतीला बिलग. बिलगलात की पाय घसरतात. भिंतीपासून दूर राहिलात तरच पाय टिकतात. दहा-वीस फुटांवर भिंत संपते आणि माणूस मोकळ्या अंधारात सावकाश गोल फिरत लटकतो. वरचं तोंड थाळीएवढं, मग वाटीएवढं होत जातं. उजवा हात दोर सोडत असतो. घाईनं उतरलं तर डिसेंडर इतका तापतो की दोराचं कवच वितळू शकतं, म्हणून वेग सारखा आणि कमी. तळाशी पोहोचल्यावर दोरातून बाहेर पडायचं, दगड पडतील अशा जागेतून बाजूला व्हायचं आणि मगच वर हाक द्यायची की दोर मोकळा आहे. हाक ऐकू येण्याआधी दुसरा माणूस दोराला हातही लावत नाही.

आणि दोराच्या खालच्या टोकाला गाठ हवीच. खाई किती खोल आहे याचा अंदाज चुकतो, दोर तळापर्यंत पोहोचत नाही, अंधारात टोक दिसत नाही आणि उतरणारा दोराबाहेर सरकतो, असे अपघात अनुभवी लोकांचेही झाले आहेत. एक गाठ मारायला दहा सेकंद लागतात.

परत चढणं अधिक कष्टाचं. दोन ॲसेंडर असतात, दोरावर वर सरकणारे पण खाली न घसरणारे. एक छातीशी, दुसरा हातात आणि त्याला पायाची कडी. पाय जवळ घेऊन उभं राहायचं, बसायचं, पुन्हा उभं राहायचं. बेडकासारखी हालचाल, म्हणून या पद्धतीला बेडकाचंच नाव आहे. थकून दोरावर निपचित लटकून राहिलं तर पायांतलं रक्त हृदयाकडे परत येत नाही आणि धडधाकट माणूसही काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. दोरावर अडकलेल्याला "थोडा वेळ थांब" असं सांगून भागत नाही. त्याला लगेच उतरवावं किंवा चढवावं लागतं आणि ते करू शकणारा दुसरा माणूस तिथेच असावा लागतो.

म्हणूनच गुहेत एकटं-दुकटं जात नाहीत. निदान चौघं असावेत असा जुना दंडक आहे. एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ बसतो आणि दोघं मदत आणायला जातात. घरी किंवा गावात कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवलेली असते. पावसाळ्यात तर उतरतच नाहीत. डोंगरावर तासभर पडलेला पाऊस खाईत धबधबा होऊन येतो. कोटुमसरही पावसाळ्यात बंद ठेवतात.

मेघालयात 1992 पासून चाललेल्या मोहिमांत अशाच गटांनी शेकडो किलोमीटर लांबीच्या गुहांचे नकाशे तयार केले. एकट्या क्रेम पुरी या गुहेची लांबी 24 किलोमीटरांहून अधिक भरली. महाराष्ट्रात दोराची विद्या जपली ती सह्याद्रीच्या गिर्यारोहकांनी. 2018च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली, तेव्हा मुसळधार पावसात आणि चिखलात दोरानं शेकडो फूट उतरून मृतदेह वर आणण्यात महाबळेश्वर परिसरातले ट्रेकर पुढे होते. सह्याद्रीच्या पायथ्याला असे गट आहेत. आमच्या झाडीपट्टीत कडे कमी, त्यामुळे असे गटही कमी. विहिरी मात्र शेताशेतात आहेत.

आता हवेबद्दल. मला या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आपण श्वास घेतो त्या हवेत जवळपास 21 टक्के प्राणवायू असतो. बंद विहिरीत पालापाचोळा कुजतो, मेलेलं जनावर सडतं, ओली माती श्वास घेते. प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तो तळाशी पाण्यासारखा बसून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. प्राणवायू 16 टक्क्यांवर आला की माणसाचा श्वास वाढतो, विचार गोंधळतो. 10 टक्क्यांच्या आसपास शुद्ध जाते. 6 टक्क्यांवर मरण मिनिटांत येतं. कार्बन डायऑक्साइड 10 टक्क्यांवर गेला तर प्राणवायू पुरेसा असूनही माणूस कोसळतो. उतरणाऱ्याला गुदमरल्यासारखं वाटेल आणि तो ओरडेल, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा तो ओरडतच नाही. हात सैल होतात आणि तो पडतो.

म्हातारीच्या कंदिलामागचं शास्त्र खरं आहे. प्राणवायू साधारण 16-17 टक्क्यांवर आला की ज्योत विझते. कोळशाच्या खाणींत हीच परीक्षा शतकभर दिव्यानं झाली. 1815 साली हम्फ्री डेव्हीनं ज्योतीभोवती बारीक जाळी बसवून खाणीचा सुरक्षित दिवा बनवला. बल्लारपूर, लालपेठ, दुर्गापूरच्या खाणींमुळे चंद्रपुरात असा दिवा हाती घेतलेली माणसं घरोघरी सापडतील. पण त्या दिव्याला जाळी का होती, हे विसरता कामा नये. खाणीत मिथेन असतो आणि हवेत तो 5 ते 15 टक्के असला की ठिणगीनं पेटतो. शेण, मळी किंवा सांडपाणी टाकलेल्या विहिरीतही मिथेन असतो. तिथे उघडा कंदील सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. शिवाय कुजलेल्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो वायू नाकाची संवेदनाच मारतो. वास गेला म्हणून धोका टळला असं वाटतं आणि नेमका तेव्हा तो जीव घेतो. त्याच्यापुढे ज्योत मजेत तेवत राहू शकते. म्हणजे कंदील विझला तर उतरू नये हे बरोबर, पण कंदील तेवला म्हणून उतरावं हे बरोबर नाही. खाणीत आता प्राणवायू, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे चार वायू एकाच वेळी मोजणारं, मुठीत मावणारं यंत्र वापरतात. दोरीला बांधून सोडलं की ते तळाशी वाजू लागतं.

9 एप्रिल 2024. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. शेणाची मळी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. सहा जण आत गेले. पाच जण मेले. वाचला तो एकच, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांनी त्याला ओढून काढलं.

हा हिशेब पुन्हा वाचा. मांजराच्या मागे गेलेला पहिला सोडला, तर बाकीचे माणूस वाचवायला गेले होते. बंद जागेतल्या वायूनं होणाऱ्या अपघातांत हेच सतत दिसतं. आपला भाऊ, आपला मुलगा डोळ्यांदेखत खाली कोसळला की कुणाचाही पाय काठावर थांबत नाही. कचारगडच्या कथेतल्या हिरासुकासारखं धाडस आपल्या रक्तात आहे. पण वायूपुढे धाडस चालत नाही. खाली पडलेल्याच्या मेंदूला प्राणवायू न मिळाल्याचा काळ चार-पाच मिनिटांत मोजला जातो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची विदर्भातली तुकडी नागपूरला आहे. भामरागड तिथून साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. मदत बाहेरून येईपर्यंत जे करायचं ते काठावरच्या माणसांनाच करायचं आहे. आणि ते त्यांना एकाच गोष्टीनं करता येतं. उतरणाऱ्याच्या कमरेला, किंवा त्याहून बरं म्हणजे छातीला आणि मांड्यांना, आधीच बांधलेला दोर.

जंगलाजवळच्या आमच्या विहिरींत माणसांखेरीज आणखीही पाहुणे पडतात. भक्ष्याच्या मागे धावताना बिबट्या, कधी वाघ, कधी अस्वल कठडा नसलेल्या विहिरीत जातं. पोहून दमलेल्या प्राण्याला आधी टेकायला काही हवं असतं, म्हणून चारही कोपऱ्यांना दोर बांधून बाज खाली सोडतात. प्राणी तिच्यावर चढतो, श्वास घेतो, मग शिडी किंवा पिंजरा सोडला जातो. या सगळ्यात कुणीही माणूस खाली उतरत नाही आणि तेच या पद्धतीचं मोठेपण आहे. दोरानं जे काम वरून होतं, त्यासाठी जीव खाली पाठवायचा नाही. दोन-तीन फुटांचा कठडा बांधला असता तर बाजही लागली नसती.

यंदा गाळ काढायला उभे राहाल तेव्हा एवढं करा. आदल्या दिवशी पंप किंवा ब्लोअर लावून विहिरीत तासन्‌तास ताजी हवा सोडा. विहिरीत डिझेलचं इंजिन उतरवू नका, त्याचा धूर तळाशीच बसतो. ज्या विहिरीत शेण, मळी, सांडपाणी गेलं आहे, तिच्यात कंदीलही सोडू नका आणि माणूसही नको. ग्रामपंचायतीनं चार वायूंचं एक यंत्र आणि पट्ट्यासकट एक चांगला दोर घेऊन ठेवावा, खाणीत काम केलेल्या एखाद्यानं दोन्ही वापरायला शिकवावं. दोर दोन ठिकाणी बांधा, टोकाला गाठ मारा, वर तीन माणसं ठेवा. आणि खालचा माणूस पडला, तर कितीही जवळचा असला तरी त्याच्या मागे कुणी उडी घेऊ नका. दोर ओढा आणि 112 ला फोन लावा.